आतली कडी

निर्वासितांच्या छावणीत बायकांच्या न्हाणीघराला आज दार बसलं, तेव्हा मावशीचा आनंद गगनात मावेना. भीतीपोटी तिच्या भाचीने इथे आल्यापासून मनमोकळी आंघोळच केली नव्हती. पण सुताराने कडी बसवली ती नेमकी बाहेरच्या बाजूला!

"अहो दादा, आत काय गुरं कोंडायचीत?"

"साहेबांनी सांगितलं तसं केलं, मावशी."

"साहेब कधी आले होते इथे आंघोळीला? फिरवा ती कडी!"

रांगेतल्या बायका खदखदून हसल्या. ओशाळलेल्या सुताराने कडी काढून आतल्या बाजूला बसवली. भाची आत शिरली. खट्ट! पाठोपाठ बादलीच्या ठेक्यावर तिचं गाणं सुरू झालं.

"आटप गं, बाकीच्याही खोळंबल्यात!"

"नाही उघडणार जा!"

"देवा, असंच बोलू दे हिला," म्हणत मावशीने टाळ्यांचा ताल धरला, आणि सगळ्या रांगेने ध्रुवपद उचललं.