डावा हात

आमच्या खेळण्यांच्या कारखान्यात मीटिंग लवकर संपवायचा एकच मार्ग होता. साहेब "सगळ्यांना मान्य?" म्हणाले की हात वर करायचा. कुणी शंका काढली की आणखी तासभर दळण! म्हणून उजव्या हाताने मी मांडीवरच्या कागदावर चित्रं काढायची, कान बंद ठेवायची आणि साहेबांचा सूर चढला की डावा हात वर. हात आताशा आपला आपणच वर जायचा. त्याचं मला भारी कौतुक होतं.

चित्र बदकाचं होतं. किल्ली नाही, सेल नाही. उतरत्या फळीवर ठेवलं की डुलत चालणारं लाकडी बदक. पण ते मेलं दोन पावलांत तोंडावर आपटायचं. शुक्रवारपर्यंत चाललं नाही तर बदक बंद, आणि नवीन खेळणंच नाही तर नमुने करणारा सुतार कशाला पोसायचा, असं साहेब सुतारकाकांच्या तोंडावर म्हणाले होते.

उपाय सापडला तो मीटिंगमध्येच. पायाचा तळ जरा गोल तासायचा! मी धावत नमुनाखोलीकडे गेले, तर दार आतून बंद. काका साहेबांच्या तातडीच्या कामात आहेत, असं कळलं. मी चित्र दाराखालून सरकवलं. आठवडाभर आतून रंध्याचा आवाज येत राहिला आणि मी आपली मीटिंगांत बसून राहिले.

शुक्रवारची मीटिंग नमुनाखोलीत आहे म्हणाले. आत पाऊल टाकलं आणि मी हबकलेच. काकांचं कामाचं टेबल नाही, हत्यारं नाहीत. मधोमध लांबलचक चकचकीत टेबल, भोवती खुर्च्या.

"मीटिंगांना खोल्या पुरत नव्हत्या ना," साहेब म्हणाले.

"पण ही खोली दिली कुणी?"

"कुणी म्हणजे? सगळ्यांनी हात वर केले. तुझा तर सगळ्यात आधी!"

मी वळून पाहिलं. काका कोपऱ्यात शेवटचा स्क्रू पिळत होते.

"मला वाटलं, ताई, तुम्ही विचार करूनच दिली असेल," ते हळूच म्हणाले. मग खिशातून बदक काढून माझ्या हातात ठेवलं. "पाय घरी तासलाय. बघा तरी."

मीटिंग सुरू झाली. साहेब खाली मान घालून कागद वाचू लागले. पहिलाच विषय, आपल्याला नवीन काही का सुचत नाही. मला कुठला धीर! जाड फाइल पाण्याच्या जगला टेकवून तिरकी केली आणि वर बदक ठेवलं.

ते चाललं. डुललं, सावरलं, पुन्हा डुललं. मी श्वास रोखून त्याच्या पायांकडे बघत होते. लांब कुठेतरी साहेबांचा सूर चढल्यासारखा वाटला. बदक थेट खालपर्यंत उतरलं आणि ऐटीत उभं राहिलं. मी मोठ्याने हसले आणि काकांकडे पाहिलं.

ते बदकाकडे बघतच नव्हते.

"छान! बदक बंद, सुतारकाम बाहेरून," साहेबांनी कागद उलटला. "एकमताने मंजूर."

काका माझ्या डोक्याच्या वर बघत होते. मीही वर पाहिलं. माझा डावा हात तिथे होता.