गड्ड्याच्या जाहिरातीचा दगड

मित्रांनो, मी शिळाप्रेसचा एक जुना दगड आहे. पण दगड असूनही स्वस्थ पडून राहणे मला कधी जमले नाही. सोलापुरात नवी पेठेतल्या रुद्रप्पांच्या छापखान्यात आलो आणि माझ्या पाठीवर चित्रे उमटू लागली. चित्र काढायचे, कागदांवर छापायचे आणि वाळू-पाण्याने घासून टाकायचे, की मी पुढच्या कामाला मोकळा. कोणाचेही चित्र माझ्याजवळ टिकत नसे. याची मला सवय झाली आहे, असे मी समजत होतो.

एका पौषात सांगोल्याचे बिरप्पा पत्नी केराबाईंना घेऊन आले. वर्षभराची सगळी लोकर त्यांनी घोंगड्यांत घातली होती आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत ते प्रथमच पाल मांडणार होते. गिरणीच्या चादरी सोडून आपल्याकडे कोण वळणार, या काळजीने त्यांची झोप उडाली होती. जत्रेला आठच दिवस उरले होते. रुद्रप्पांनी फळ्यावर खडूने बेत लिहिला: दोन दिवस चित्र, तीन दिवस छपाई, दोन दिवस वाळवण, एक दिवस वाटप. बारा रुपयांत हजार कागद आणि शाईचा एक डबा. चुकायला त्यात जागाच नव्हती. मला तेव्हाच धडकी भरली.

चित्रकार चन्नवीरने काळेभोर घोंगडे काढले, अगदी हुबेहूब. पहिले थोडे कागद निघाले तोच अर्धा डबा शाई संपली! त्यात थंडी. कागद वाळेनात, एकमेकांना चिकटून बसले. रुद्रप्पांनी कपाळाला हात लावला.

"बिरप्पा, चित्र राहू द्या. नुसती अक्षरं छापू."

"अक्षरं कोन वाचतंय आमच्यातलं?" बिरप्पांनी विचारले.

केराबाईंनी एक कागद उजेडात धरला. "येवढं काळं कशाला फासलंय? ह्ये सूत मी कातलंय की. हितं येकेक धागा हाय. धागंच काढा, मदी पांढरं सोडा."

चन्नवीरने मला घासून कोरे केले. धागे अंगावर कसे वळतात ते दिसावे म्हणून त्याने केराबाईंनाच घोंगडे पांघरून समोर बसवले.

"बाईमानसाचं चित्र? लोक काय म्हंतील?" बिरप्पा पुटपुटले.

"थंडी काय गड्यांनाच वाजती व्हय?" म्हणत त्या ताठ बसल्या.

माझ्यावर धागे उतरले, मग हनुवटीवरचे गोंदण, मग हसरे डोळे. शाई पुरली. कागद झटपट वाळले. जत्रेच्या तिसऱ्या दिवशी बिरप्पांचे पाल रिकामे झाले, हे ऐकून मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

जत्रा उठल्यावर केराबाई एकट्याच आल्या. "माजं येक चित्र द्या की. जेऊरला दिलेल्या लेकीला दावायचंय."

रुद्रप्पांनी कपाटे धुंडाळली. बेतातला कागद न् कागद वाटला गेला होता.

"मग दगडावरचं तरी बगू द्या."

माझ्यावर आता साबणाची जाहिरात होती. केराबाईंनी माझ्या कडेवरून हात फिरवला. "असू द्या. घोंगडी इकली, लई झालं," म्हणाल्या आणि लगबगीने निघून गेल्या. जमिनीत गडप व्हावे असे मला वाटले.

मित्रांनो, आज माझ्यावर धुणी आपटतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तुम्ही कधी असा बेत आखाल, तेव्हा खर्चात एक कागद जास्त धरा आणि ज्याचा चेहरा त्यावर आहे, त्याच्या हातात तो सर्वांत आधी द्या. माझ्या अंगावर ते गोंदण आता कितीही शोधले तरी सापडत नाही.