मेजावरची मधली जागा

मी तियानांच्या घरातलं लांब मेज बोलतोय. चीनच्या हनान प्रांतातल्या या गावात कुणाच्याही घराचा उंबरा ओलांडलात, की समोरच्या भिंतीला टेकून माझ्यासारखं एक उभं दिसेल. मेजावर मधोमध जो बसतो, तो घराचा धनी, असा इथला रिवाज. पूर्वी मी याच अंगणातलं वावळ्याचं झाड होतो. अजून डुलकी लागली की मला फांद्या फुटतात. टंचाईच्या वसंतात बायका माझ्या चपट्या हिरव्या बिया ओरबाडून पिठात घोळून उकडतायत, असं दिसत राहतं. जाग येते तेव्हा खाली एखादी कोंबडी खुडबुडत असते.

मला तासलं थोरल्या तियानबाबांनी, पूर्वजांच्या नावांच्या पाट्या ठेवायला. उदाचं भांडं ठेवून ठेवून माझ्या पाठीवर मधोमध काळा गोल डाग पडला. मग एक काळ असा आला, की पूर्वजांच्या पूजेला बंदी झाली, पाट्या गवताच्या गंजीत लपल्या आणि भिंतीवर नेत्याची तसबीर चढली. पुढे तीही उतरली. लपवलेल्या पाट्या गंजीतच कुजल्या होत्या. तोवर थोरले बाबाही गेले होते, म्हणून त्यांच्या एकट्याची पाटी माझ्यावर आली. वरची मंडळी बदलत गेली. खालच्या कोंबड्या मात्र एकाच खानदानातल्या.

त्यांचा मुलगा फूशंग, सून गुइशियांग. नातू चंगहाय दक्षिणेला कारखान्यात गेला आणि घर एकदम मोठं झालं. त्या हिवाळ्यात गुइशियांगची कंबर धरली. गावातली तरणीताठी सगळी शहरात. विचारपूस करणार कोण? आली ती पलीकडच्या गल्लीतली शन वहिनी, दोघीजणींना घेऊन. त्यांनी गरम मिठाने कंबर शेकली, भांडी घासली, डोळे मिटून प्रार्थना केली आणि येशूची गाणी म्हटली, तीही गावच्या नाटकाच्या चालीवर. कंबर मिठाने बरी झाली की प्रार्थनेने, ते मला ठाऊक नाही. पण गुइशियांग पुन्हा हसायला लागली, हे मी पाहिलं.

महिन्याभरात भिंतीवर लाल क्रूसाचं चित्र लागलं आणि सासऱ्यांची पाटी माझ्या खणात गेली. नव्या वर्षाच्या दुपारी गुइशियांगने काय करावं? क्रूसापुढे तीन उदबत्त्या पेटवल्या, उकडलेल्या करंज्यांचा वाफाळता वाडगा ठेवला आणि कपाळ जमिनीला टेकवलं.

शन वहिनी दारातच पोट धरून हसू लागली. "अगं बाई, याला धूप लागत नाही!"

"मग करंज्या?"

"त्याही नाही."

"मग सणासुदीला याला द्यायचं काय?"

"मन दे."

"ते कधीच दिलंय गं. पण सणाच्या दिवशी पुढ्यात काहीच नाही, बरं दिसतं का ते?"

फूशंगला मात्र हसू आलं नाही. "चंगहायची आई, माझ्या बापाला खणात कोंडलंस?" एवढंच म्हणून त्याने पाटी काढून मधोमध ठेवली. सकाळी ती पुन्हा खणात. संध्याकाळी पुन्हा वर. दोघं एकमेकांशी अक्षर बोलत नसत. माझ्या खणाची कडी मात्र झिजत गेली. एके दुपारी तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "मी गेल्यावर मलाही तिथेच टाकशील ना?"

गुइशियांग कणीक मळत होती. तिचे हात थांबले. मग ती पुन्हा मळू लागली.

दोन वर्षांनी, मक्याच्या काढणीत फूशंग गेला. चंगहायने रीतीप्रमाणे बापापुढे डोकं टेकलं. गुइशियांग मान खाली घालून उभी राहिली, बायकांसोबत गाणं म्हणत. भाऊबंद कुजबुजले, "नवऱ्याला साधा नमस्कारही नाही." चुलत दिराने फूशंगच्या नावाची पाटी करवून तिच्या हातात ठेवली. शन वहिनीने बजावलं, "क्रूसाशेजारी पाट्या नकोत हं. एकाच घरात दोन धनी नसतात."

पाटी खणात गेली. बाप आणि लेक माझ्या पोटात शेजारी शेजारी पडले. दर रविवारी बायका इथे गात, आणि गाता गाता गुइशियांगचा हात मागे येऊन कडीवर थांबे. मला फार वाईट वाटायचं. त्या माणसाने विचारलेलं अजून तसंच लोंबकळत होतं.

आता हे गाव उठतंय. घरं पाडून शेतं एक करणार आहेत. चंगहायने शहरात अठराव्या मजल्यावर घर घेतलंय आणि तो आईला न्यायला आलाय. तोही आता तिकडे एका खोलीत भरणाऱ्या प्रार्थनासभेला जातो. तिथे म्हणे गिटार वाजवतात. काल त्याने मला दोऱ्याने मोजलं. "आई, चित्र गुंडाळून नेऊ. मेज लिफ्टमध्ये मावायचं नाही, कापावं लागेल. आणि पाट्यांचं... तुझं तू ठरव."

आज शेवटचा रविवार. गाणी झाली. बायका निघाल्या, तोच गुइशियांगने खण उघडला. दोन्ही पाट्या बाहीने पुसल्या, क्रूसाखाली माझ्यावर मांडल्या, आणि प्रत्येकीपुढे करंज्यांचा वाडगा ठेवला. उदबत्ती लावली नाही.

"गुइशियांग, हे काय गं?" शन वहिनीचा आवाज चढला.

"पूजा नाही. जेवायला बसवलंय."

"ते जेवतात होय?"

"नाही. मीच जेवते. एकटीने गिळायचा कंटाळा आलाय मला." ती फूशंगच्या पाटीकडे वळली. "चंगहायचे बाबा, विचारलं होतं ना तुम्ही? नाही. खणात नाही ठेवणार. उशीर झाला सांगायला."

चंगहाय दाराकडे तोंड करून उभा राहिला. मग शन वहिनीने नाक पुसलं आणि पुटपुटली, "माझा नवरा गव्हाच्या पिठाच्या रांजणात आहे गं. सहा वर्षं झाली. आणू का?"

पिठाळलेली ती पाटी आली, तिसरा वाडगा आला. बायका पुन्हा बसल्या. मला वाफेची गुंगी आली, आणि क्षणभर वाटलं, अंगणात पुन्हा पानं फुटलीत आणि सगळे माझ्याच सावलीत जेवतायत.

चंगहाय, उद्या तू करवत आणशील. खुशाल काप, मी कुरकुर करणार नाही. फक्त मधोमध कापू नकोस, बाळा. दोन्ही टोकं टाकून दे आणि तो काळा डाग असलेला मधला तुकडा तेवढा घेऊन चल. तो लिफ्टमध्ये मावतो. तू मोजलंस तेव्हाच मी पाहिलंय.