थरथरत्या हातातली दुर्बीण

अहो, उलटी धरलीत मला! अशाने समोरचा हत्तीसुद्धा मुंगीएवढा दिसेल. हं, आता बरोबर. मी या छोट्या बोटीवरची जुनी दुर्बीण. अंगावर पोचे आलेत, पट्टा विटलाय, पण बोलायची हौस काही गेलेली नाही.

माझा जन्म कारखान्यातला. काचा घासणाऱ्या बायका श्वाससुद्धा बेताने सोडायच्या, माझ्या भिंगांवर वाफ धरू नये म्हणून. पहिला मालक हौशी होता. नव्याचे नऊ दिवस त्याने मला गळ्यात मिरवलं आणि सहल संपताच केबिनच्या खुंटीवर विसरून गेला. तेव्हापासून मी बोटीचीच झाले. ज्यांच्याकडे स्वतःची दुर्बीण नसते, त्यांच्यासाठी ठेवलेल्या टोपलीत राहू लागले.

बोट नदीतून सावकाश वर जाते, मग पाहुणे जंगलातल्या तंबूंत मुक्काम करतात आणि गाईड त्यांना प्राणी-पक्षी दाखवतो. माणसांची मला मोठी गंमत वाटते. प्राणी दिसला रे दिसला की निम्मे जण त्याच्याकडे पाठ करून स्वतःचाच फोटो काढतात! एका गृहस्थांनी तर माझ्यातून पलीकडच्या टेबलावर काय वाढलंय तेच पाहिलं.

अशाच एका फेरीला मावशी आल्या. सोबतची भाची दर वाक्याला "अगं मावशी" म्हणे, म्हणून सगळी बोटच त्यांना मावशी म्हणू लागली. आयुष्यभर त्यांनी दातांच्या कवळ्या घडवल्या होत्या. इवल्याशा दाताला आकार देणारे ते हात आता एका आजाराने सतत थरथरत. थरथर वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणूनच त्या हट्टाने निघाल्या होत्या. त्यांना पाणमांजरं बघायची होती. जिवंत, स्वतःच्या डोळ्यांनी.

पहिल्याच सकाळी त्यांनी मला उचललं आणि माझी पाचावर धारण बसली. झाडं नाचायला लागली, काठ उड्या मारायला लागला. कठड्यावर टेकवलं, तर खालून इंजिनाची थरथर.

"अगं मावशी, राहू दे ना. मी फोटो काढते, मोठा करून दाखवते."

"फोटोच बघायचा तर घरी काय वाईट होते?" मावशी म्हणाल्या आणि पुन्हा मला डोळ्यांना लावलं.

रोज तेच. दिसायचं काहीच नाही, पण मला टोपलीत परत ठेवायला त्या तयार नव्हत्या. मग मलाही चेव आला. म्हटलं, ही बाई हार मानत नाही, तर मी कशी मानू?

तंबूंच्या मुक्कामी गाईडने बातमी आणली. समोरच्या काठावर पाणमांजरीने पिल्लं बिळाबाहेर आणली होती. जवळ गेलं तर ती त्यांना घेऊन निघून जाईल, म्हणून अलीकडच्या मचाणावरून बघायचं. मचाणाला उभी शिडी.

"मावशी, तुम्ही खालीच थांबलात तर..." गाईड चाचरत म्हणाला.

"हात थरथरतात माझे, पाय नाही. तू मागे राहा. पडलेच तर झेल."

गाईड हसला आणि मागे राहिला. एकेक पायरी घट्ट धरत, मध्येच दम खात, त्या चढल्या. मी त्यांच्या छातीवर लोंबकळत होते. आत काळीज कसं धडधडत होतं, ते मला कळत होतं.

वर उभं राहणं त्यांना झेपेना, आणि बसलं तर मला टेकवायला आधार नव्हता. भाचीने आपला खांदा पुढे केला. पण पलीकडे हालचाल दिसली की तिचा हात आपसूक कॅमेऱ्याकडे जाई, खांदा हले आणि सगळं मुसळ केरात.

"थांब जरा," भाची म्हणाली. तिने कॅमेरा गळ्यातून काढून गाईडकडे दिला. मग नदीकडे पाठ करून ती मावशींच्या पुढ्यात बसली आणि त्यांची दोन्ही कोपरं आपल्या तळहातांवर तोलून धरली. "आता बघ. आणि मला सांग."

मी तिच्या खांद्यावर टेकले. मावशींनी श्वास रोखला, तिनेही रोखला. मी सगळा जीव भिंगांत आणला. काठ डुचमळला, पुन्हा डुचमळला, आणि स्थिरावला.

"दिसली!" मावशी कुजबुजल्या. "आईच्या तोंडात मासा आहे. अगं, सुळे काय कोरलेत! असे मला एकदाही जमले नाहीत. ते धाकटं पाण्याला घाबरतंय... आईनं मानगूट धरलं... ढकललं गं, ढकललं!"

"मग?"

"बुडालं... नाही, नाही, आलं वर! पोहतंय!"

भाचीचे डोळे भरून आले. तिला पाणमांजरं दिसत नव्हती, मावशी दिसत होत्या.

उतरताना मावशींचा पाय घसरला. गाईडने त्यांना झेललं, पण पट्टा निसटून मी शिडीवर आपटले. तेव्हापासून माझं डावं भिंग धुरकट आहे. मावशी फार हळहळल्या. मला मात्र खंत नाही. तोवर लोकांनी मला नुसतं हाताळलं होतं. त्या दिवशी मी कुणाच्या तरी कामी आले.

आता बोटीचे मालक म्हणतात, हिला मोडीत काढा. गाईड ऐकत नाही, आणि मीही ऐकणार नाही. उजवं भिंग अजून लख्ख आहे माझं. तुम्ही एवढंच करा. डावा डोळा मिटा. कोपरं अंगाशी धरा. चित्र हललं म्हणून लगेच मला खाली ठेवू नका. शेजारच्याकडे खांदा मागा, लाजू नका.

आणि आता बोलणं पुरे. त्या वाळक्या ओंडक्याच्या पलीकडे बघा. पाणी हललंय.