मर्यादेची सून

आसगावच्या टिकारामच्या घरात रीत होती, वडीलधाऱ्यांसमोर सुनेनं आपलं लेकरू उचलायचं नाही. धाकट्या गुणाबाईनं ती अशी पाळली की गावातल्या सासवा आपल्या सुनांना तिचा दाखला देत. भासरा टिकाराम, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, अंगणात खाकरला की तिचा पदर नाकापर्यंत उतरायचा आणि तिचा मोती थोरल्या जावेच्या, रत्नाबाईच्या कडेवर जायचा. लाड काय ते चुलीपाशी, दार लोटून.

मग गुणाचा नवरा पटकीनं गेला. वर्षभरानं माहेरच्यांनी सानगडीच्या भैय्यालालशी तिचा पाट, म्हणजे दुसरा संसार, ठरवला. तीन वर्षांच्या मोतीला सांभाळायला तो राजी होता. टिकाराम मात्र पोर सोडेना. पोरामागे भावाच्या वाट्याची बांधी, धानाचं शेत, जाईल, हे त्याच्या पोटात. ओठांवर लेकराचं भलं.

पंच खळ्यात धानाच्या पेंढ्यावर, तणसीवर बसले. लेकराचं भलं ठरवायला पाच बापे, आणि त्यातल्या एकानंही कधी पोराचं नाक पुसलेलं नव्हतं.

"लेकरालेच इचारू," म्हातारे पुंडलिकराव म्हणाले. "ज्याच्यापाशी जाईन, त्याचं."

मोतीला मधोमध उभं केलं; एका बाजूला गुणा, दुसऱ्या बाजूला टिकाराम आणि रत्नाबाई. गुणा सकाळपासून मनाशी घोकत होती, आज साऱ्यांदेखत त्याला उचलायचं. तिनं पदर वर सारून हात पसरले. मोती हसला आणि तिच्याकडे धावत सुटला.

टिकाराम खाकरला. मुद्दामच, दुसरं काय!

गुणाला कळायच्या आत तिचा पदर उतरला, हात खाली आले, तोंड फिरलं. मोती थबकला. मायचा पदर उतरला की मोठीमायकडे जायचं, हे त्याला बोलता येत नव्हतं तेव्हापासून ठाऊक. तो शहाण्यासारखा वळला आणि रत्नाबाईनं त्याला कडेवर घेतलं.

"झाला निवाडा," पुंडलिकराव म्हणाले.

"नाई, नाई जी!" गुणानं पदर भिरकावला आणि मोकळ्या डोक्यानं धावली. "मोती, बाबू, ये ना रे मायपाशी!"

चारचौघांत ओरडणारी ही माय मोतीनं कधी पाहिलीच नव्हती. तो किंचाळला आणि त्यानं रत्नाबाईच्या मानेला मिठी घातली.

"पाहा," टिकाराम म्हणाला, "लेकरू भेऊन राहिलं तिले."

पुंडलिकरावांनी लाजून मान फिरवली.

"डोक्यावर पदर घे, पोरी. भासरा बसला हाय."