झाकलेला ओला गाळ

उदगीर जिल्हा होणार आणि जिल्हा झाला की पाणी येणार, असं त्या दुष्काळात ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. जिल्ह्याचं राहू द्या, आधी घागरभर पाणी तर आणा! नागुबाईच्या वस्तीनं कुणाची वाट बघितली नाही. वर्गणी काढून बोअरची गाडी आणली.

गाडी लागली ती नेमकी कॉलेजच्या भिंतीला खेटून. भिंतीपलीकडं नागुबाईची लेक सिंधु प्रकाशाचा एकेक कण काचेच्या तारेतून पाठवत बसलेली. अशा कणांतून दोन टोकांना एकच गुप्त संकेत तयार करायचा, हे तिचं पीएचडीचं काम. मधेच कुणी चोरून बघितलं की कण बिघडतात, चुका वाढतात आणि संकेत फेकून द्यावा लागतो. पण यंत्राला बिचाऱ्याला चोर काय नि बोअर काय, सारखंच. जमीन हादरली की चुका वाढल्याच. त्यात कण मोजायचं यंत्र मुंबईहून उसनं आणलेलं, उद्या परत जाणार. आज जमलं नाही तर सगळी वर्षं मातीत.

सिंधु घरी आली ती रडकुंडीला येऊनच.

“कोनी चोरून ऐकू न्हाई म्हनून एवढा खटाटोप?” नागुबाई म्हणाली. “बाई, आपलं तर उघड बोललेलं बी कोनी ऐकत न्हाई.”

म्हणाली खरी, पण पदर खोचून लेकीला घेऊन थेट गाडीवाल्याकडं गेली. घटकाभर थांब म्हणाली. बोअरमधून नुकताच ओला गाळ वर यायला लागला होता. पाणी कुठं पळून जातंय, असं दोघींनाही वाटलं.

गाडी थांबली. सिंधुच्या पडद्यावर चुका उतरत गेल्या आणि दोन्ही टोकांचा संकेत तंतोतंत जुळला. तिला हसू आवरेना. आईला सांगायला धावत बाहेर आली, तर गाडी नव्हती. रिकामी उभी बघून बोअरच्या एजंटानं ती दुसऱ्या गावाला पळवली होती, आणि त्या उन्हाळ्यात गेलेली गाडी लवकर परत येत नसे. नागुबाई घाईघाईनं टोपल्यानं ओल्या गाळावर कोरडी माती टाकत होती.

तेवढ्यात लोक कामावरून परतले.

“गाडी कोनी लावून दिली?” शेजारच्या केरबानं विचारलं.

“म्या,” नागुबाई म्हणाली. “निस्ता फुफाटा निघत व्हता.”

केरबानं तिला तोंडाला येईल ते सुनावलं. ती मान खाली घालून ऐकत राहिली. सिंधुनं तोंड उघडलं, तोच आईनं तिचा हात घट्ट दाबला.

सिंधुला ते सोसवेना. हात सोडवून ती खाली बसली, वरची माती बाजूला सारली आणि ओंजळभर गाळ सगळ्यांपुढं धरला.

“पानी हाय, केरबाकाका. गाडी माझ्यापायी थांबली.”

केरबानं गाळ बोटानं चाचपला. मग बायकोला घराकडं चल म्हणाला. हाताशी आलेलं पाणी गेलं होतं, आता मुदखेडला मेहुण्याकडं राहायला जायचं तर सामान बांधायचं होतं. एकेक करत सगळेच पांगले.

नागुबाई रिकामं टोपलं घेऊन तिथंच उभी होती.

“म्या झाकलं व्हतं की गं,” ती म्हणाली.