पुढची ओळ

जर्सी सिटीत कुणाच्याही घरी हळदीकुंकू असलं की आधी फोन मला येतो. "पद्मिनी, एक नवा उखाणा दे ना गं, ऑफिसमुळे वेळच नाही मिळाला." मी देते. चंद्राला शैलेंद्र जुळवणं हा माझ्या हातचा मळ आहे. लग्नाआधी कविता करायचे, त्यातलं एवढंच उरलं.

यंदा, सत्त्याऐंशीच्या जानेवारीत, माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. माझ्या सतरा वर्षांच्या दीपाच्या डोक्यात एक फ्रेंच कवी शिरला होता. मेल्याने शाळकरी वयात घर सोडलं, बिनतिकीट पॅरिसला गेला, आणि विशीतच कविता सोडून परमुलखात व्यापार करत बसला. कार्टीने त्याचा फोटो भिंतीवर लावला आणि पलंगाखाली बॅग भरून ठेवली. कॉलेजचा विषय काढला की एकच उत्तर, "आय ॲम लीव्हिंग, आई." ती शाळेत गेली की मी बॅग ओढून बघायचे. कधी एखादा स्वेटर वाढलेला, कधी मोजे.

संक्रांत बुधवारी, म्हणून हळदीकुंकू शनिवारी, आमच्याकडे. सगळ्यांनी माझेच उखाणे मला ऐकवले. शेवटी विनीता म्हणाली, "आता कवयित्रीबाईंचा!" तेवढ्यात दीपा आतून आली. अंगात कोट, खांद्यावर बॅग.

"बाय, एव्हरीबडी."

"थांब!" मी ओरडले. नवऱ्याचं नाव घ्यायला उघडलेल्या तोंडातून भलतंच बाहेर पडलं. "दार मी लावलं नाही, वारा लावून गेला. आत राहिली ती कोण..."

विनीता अजून उखाण्यातल्या शैलेंद्रची वाट बघत होती. दीपा दाराशीच थांबली.

"हू रोट दॅट?"

"मी. तुझ्याहून थोडी मोठी होते."

"मग पुढे?"

"पुढे लग्न झालं."

तिने बॅग खाली ठेवली. "फिनिश कर. तोपर्यंत मी आहे."

पुढची ओळ मला त्याच संध्याकाळी भांडी घासताना सुचली. इतकी चांगली ओळ मला जन्मात सुचली नव्हती. सारखी ओठांवर येते, जीव नुसता तडफडतो, आणि कागदावर उतरवायची हिंमत होत नाही.

"झाली?" दीपा रोज सकाळी विचारते.

"नाही गं," मी म्हणते. ती शाळेत गेली की पलंगाखालची बॅग ओढून बघते.